फोटो कुणी धुवायचा?

(करमाळ्यातील वसंत व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



येताना हा पत्र्याचा डबा घेऊन आलोय. माझ्या वडिलांचा. आत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह आहेत, बऱ्याचशा १९७२-७३ सालच्या. त्या सालाविषयी करमाळ्यात वेगळं सांगायला नको. दुष्काळ होता, पण लग्नं थांबली नव्हती. एका लग्नाला १२० चा एक रोल, म्हणजे बारा फोटो. ते काढायचे वडील आणि रात्री लाल दिव्यात धुवायचेही वडीलच.

फोटो 'धुणं' हा आपल्याकडचा शब्द मला फार आवडतो, कारण काम खरोखर धुण्याचंच होतं. डेव्हलपर, मग हायपो आणि मग पाणी, भरपूर पाणी. कागदात हायपो राहिला तर तो चांदीला हळूहळू खातो आणि फोटो पिवळा पडतो. त्यासाठी प्रिंट तासभर वाहत्या पाण्याखाली ठेवायची असते. बहात्तरला वाहतं पाणी कुठून आणणार? हंडाभर पाण्यात पाच-पन्नास प्रिंटा धुतल्या जायच्या. आठ-दहा वर्षांनी माणसं तक्रार घेऊन आली, की नवरा-नवरी पिवळी पडली. वडिलांनी हा डबा उघडला, निगेटिव्ह काढल्या आणि नव्या प्रिंटा करून दिल्या. कारण त्या दुष्काळातसुद्धा त्यांनी एक नियम पाळला होता: पहिलं स्वच्छ पाणी निगेटिव्हला, उरेल ते प्रिंटला.

आजचा माझा विषय कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर संस्कार करणारी मुक्त सॉफ्टवेअर हा आहे. तो मला या डब्यातूनच सांगता येतो, कारण रॉ फाइल ही आजची निगेटिव्ह आहे. आणि आज आपल्या तालुक्यातले बहुतेक फोटोग्राफर ती टाकून देतात. काहीजण तर ती काढतच नाहीत.

थोडं मागे जाऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. त्या काळी काचेवर लेप स्वतः द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. फोटो काढणारा आणि धुणारा वेगळे असणं शक्यच नव्हतं. पुढे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, १९१३ साली. त्याची फिल्म घरातच धुतली गेली आणि त्या कामात सरस्वतीबाई फाळके होत्या. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रसायनं कालवणं, अंधारात फिल्म धुणं ही कामं ही बाई दिवसभराचा स्वयंपाक उरकून करत होती. भारतातल्या पहिल्या लॅब टेक्निशियनचं नाव विचारलं तर मी त्यांचं सांगतो.

तिकडे अमेरिकेत मात्र १८८८ सालीच कोडॅकनं लोकांना सांगितलं होतं, की बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो. सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण धुणं हातातून गेलं. आज आपण जेपीईजी काढतो तेव्हा हेच घडतं. कॅमेऱ्याच्या पोटातली एक चिप एका क्षणात फोटो धुते, आपल्याला प्रिंट देते आणि निगेटिव्ह फेकून देते. उजेड किती, रंग कसा, सावली कुठपर्यंत काळी, हे सगळं जपानात कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यानं उजनीकाठच्या केत्तूरचं पाणी पाहिलेलं नाही आणि आपल्याकडची हळदही पाहिलेली नाही.

आता रॉमध्ये नेमकं काय असतं ते सांगतो. सेन्सर म्हणजे लाखो बारीक वाट्या. प्रत्येक वाटीत किती उजेड पडला त्याचा आकडा, एवढंच त्या फाइलमध्ये असतं. वाटीला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकीवर लाल, हिरवं किंवा निळं झाकण असतं. चार वाट्यांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून अंदाजानं भरून घ्यावे लागतात. आकडे किती बारीक? चौदा बिटच्या कॅमेऱ्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात. जेपीईजीत फक्त २५६. आपल्या कमलाभवानीच्या देवळात भर दुपारी सभामंडपात उभं राहून बाहेरच्या दीपमाळेचा फोटो घ्या. जेपीईजीत एक तर दीपमाळ पांढरी फटक होते, नाही तर खांब काळे ठिक्कर. रॉमध्ये दीपमाळ जळू न देता एक्स्पोजर धरलं, तर खांबांवरचं काम त्या काळोखात शिल्लक असतं. ते धुऊन वर काढावं लागतं.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. रोल गेले, डिजिटल आलं, तेव्हा मी शिकलो ते विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरवर आणि ते मी विकत घेतलं नव्हतं. पेन ड्राइव्हवरून आलेली क्रॅक केलेली प्रत. हाताखालच्या पोरांनाही तीच दिली. याची मला लाज वाटते. कॉम्प्युटर बसला तेव्हा फोटो वाचले, कारण ते वेगळ्या डिस्कवर होते. पण सहा वर्षांत प्रत्येक फोटोवर काय काय केलं होतं ते त्या सॉफ्टवेअरच्या वहीत बंद होतं. ती वही उघडली नाही आणि ती क्रॅक प्रत नव्या मशिनवर चालली नाही. तक्रार करणार कुणाकडे, कुठल्या तोंडानं? त्या रात्री मला हा डबा आठवला. पन्नास वर्षांपूर्वीची निगेटिव्ह मी खिडकीसमोर धरून बघू शकत होतो आणि सहा वर्षांचं माझं स्वतःचं काम बघू शकत नव्हतो.

त्यानंतर मी डार्कटेबल आणि रॉथेरपीकडे वळलो. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पण ती फुकट आहेत म्हणून मी तुमच्यापुढे उभा नाही. ती मुक्त आहेत. कुणीही वापरावीत, आत कशी चालतात ते उघडून बघावं, बदलावीत, दुसऱ्याला द्यावीत, अशी परवानगी त्यांच्या परवान्यातच लिहिलेली आहे. पेन ड्राइव्हवरून पोराला प्रत देणं इथं चोरी नाही, इथं ती रीतच आहे.

यामागची माणसं कोण? डेव्ह कॉफिन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं १९९७ साली डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. कॅमेरा कंपन्या आपापली रॉ फाइल कशी रचली आहे ते सांगत नव्हत्या. यानं एकेका कॅमेऱ्याची फाइल घेऊन ती स्वतः उलगडली, वर्षानुवर्षं, शेकडो कॅमेऱ्यांची, आणि ते सगळं जगापुढे उघडं ठेवलं. पुढची कितीतरी सॉफ्टवेअर त्या कामावर उभी राहिली. हंगेरीच्या गाबोर होर्वात यांनी रॉथेरपी लिहिलं आणि २०१० साली ते मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकलं. योहानेस हानिका यांनी डार्कटेबल २००९ साली सुरू केलं. नावातच डार्करूम आहे. आत दोन मुख्य खोल्या आहेत: एक लाइटटेबल, जिथं निगेटिव्ह मांडून निवडायच्या आणि दुसरी डार्करूम, जिथं धुवायच्या. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला वडिलांच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं होतं.

या सॉफ्टवेअरांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा, की मूळ फाइलला ती हात लावत नाहीत. तुम्ही काय काय केलं, ते शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. डार्कटेबलची एक्सएमपी, रॉथेरपीची पीपी३. साध्या नोटपॅडमध्ये उघडा, दिसते. ही पाककृती फोटोसोबत त्याच फोल्डरमध्ये राहते, कुणाच्या बंद वहीत नाही. शिकणाऱ्या मुलाला मी रॉ आणि ही फाइल दोन्ही देतो. तो माझी प्रत्येक पायरी मागे-पुढे करून बघतो, चुकाही बघतो. वडिलांकडून मी जे खांद्यावरून डोकावून शिकलो, ते आता असं शिकता येतं.

शिकायला सोपं आहे का? सोपं नाही. रॉ पहिल्यांदा उघडली की फोटो फिका, मेलेला दिसतो. सेन्सर उजेड सरळ मोजतो, दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट आकडा. आपला डोळा तसा मोजत नाही, म्हणून ते आकडे डोळ्याच्या हिशेबानं वळवावे लागतात. शिवाय डार्कटेबलमध्ये मॉड्यूल डझनांनी आहेत आणि नवा माणूस गोंधळून सगळी फिरवत बसतो. तसं करू नका. पहिले तीन महिने चारच गोष्टी शिका. आधी एक्स्पोजर, चेहऱ्याचा उजेड बरोबर येईपर्यंत. मग व्हाइट बॅलन्स. मग फिल्मिक किंवा सिग्मॉइड, दोन्हींपैकी एकच, ज्यानं उजेड आणि सावली कागदावर मावेल अशी बसते. शेवटी नॉइज. जुना कॉम्प्युटर असेल तर हळू चालेल, पण चालेल.

व्हाइट बॅलन्सपाशी मात्र मला थांबायचंय, कारण लग्नाचा फोटो तिथंच बिघडतो. हळदीच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याला वाटतं, इतकं पिवळं म्हणजे दिव्याचाच उजेड पिवळा. तो फोटोत निळा ओततो. हळद फिकी पडते आणि माणसं राखेसारखी दिसतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्या आकड्यांना कितीनं गुणायचं, एवढाच हिशेब असतो आणि तो नंतर केव्हाही करता येतो. त्यासाठी फोटोत एक खात्रीचं पांढरं लागतं. बाहेरच्या पुस्तकांत त्यासाठी राखाडी कार्ड सांगतात. आपल्या मांडवात गांधी टोपी असते. त्या उजेडात टोपीवाल्या मामांचा एक फोटो घ्या, डार्करूममध्ये टोपीवर पिकर ठेवा, मांडवाचा लाल कापडी रंग चेहऱ्यांवरून उतरतो. फक्त टोपी निळीत घातलेली नाही ना, ते बघा. नीळ असली तर सॉफ्टवेअर ती निळाई काढायला जातं आणि सगळा फोटो पिवळसर होतो. हे मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही. एका लग्नाचे चारशे फोटो परत धुताना कळलं.

आता एक बोलतो, ते मनावर घ्या. लग्नाच्या फोटोंसोबत हमखास मागणी येते, मुलीला जरा उजळ करून द्या. मी वर्षानुवर्षं करून दिलं. रॉ धुवायला लागलो तेव्हा नीट बघितलं, की सावळ्या कातडीत किती रंग असतात, गालावर तांबूस, गळ्याशी किंचित सोनेरी. उजळ करताना ते सगळे पुसून जातात आणि चपटा पांढरा राहतो. आता मी नाही म्हणतो. एक्स्पोजर बरोबर देतो, रंग तिचाच ठेवतो. आतापर्यंत एकाच घरानं अल्बम परत पाठवला आणि त्या घरातल्या मुलीनं नंतर येऊन तो नेला.

या दिवसांत उजनी धरणाचं पाणी उतरायला लागतं. केत्तूर, कुगावकडे पहाटे जा, चिखलात रोहित पक्षी उतरलेले असतात. तालुक्यातली किती पोरं तिथं फोन घेऊन जातात! त्यांच्यासाठी सांगतो. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये रॉ, म्हणजे डीएनजी फाइल निघते. ओपन कॅमेरा नावाचं मुक्त अॅप घ्या, सेटिंगमध्ये डीएनजी चालू करा. रोहित पांढरा, वर सकाळचं ऊन, त्यामुळे पिसं जळतात. आणि जळलेलं पांढरं रॉमधूनही परत येत नाही. वाटी भरून वाहिली की किती सांडलं ते कुणालाच कळत नाही. म्हणून एक्स्पोजर थोडं कमी धरा. फोटो काळपट दिसेल, दिसू द्या. पिसांतली ती गुलाबी छटा शाबूत राहील. सावली उचलल्यावर जो दाणेदार नॉइज येतो, त्यासाठी डार्कटेबलमध्ये अनेक कॅमेऱ्यांचं वेगवेगळं मोजमाप आहे. तुमच्यासारख्याच वापरणाऱ्यांनी घरी बसून, आपापल्या कॅमेऱ्यानं फोटो काढून ते मोजमाप करून पाठवलेलं आहे. लेन्सच्या वाकड्या रेषा सरळ करणाऱ्या लेन्सफन नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरचंही तसंच. तुमच्या कॅमेऱ्याचं मोजमाप त्यात नसेल, तर ते करमाळ्यातून जाऊ शकतं. परीक्षा नाही, फी नाही, शिफारस नाही.

आणि मराठीचंही काम आहे. फायरफॉक्स मराठीत आलं ते स्वयंसेवकांनी केलं म्हणून. फोटोच्या सॉफ्टवेअरचं मराठी करायला कुणी बसलं, तर माझी एकच विनंती आहे. संस्कृत कोश उघडू नका, आधी एखाद्या जुन्या स्टुडिओत जाऊन बसा. तिथं एक्स्पोजरला एक्स्पोजरच म्हणतात. पण फोटो 'जळाला', 'उठून आला', 'दबला', 'धुतला' हे शब्द आहेत. ते शब्द वापरणारी माणसं आता थोडीच उरलीत. ती आहेत तोवर ऐकून घ्या.

बोलणं पुरे झालं. मागचे दिवे तेवढे बंद करा. पडद्यावर आहे ती रॉ फाइल काल सकाळची, कमलाभवानीच्या देवळाजवळच्या ९६ पायऱ्यांच्या बारवेची. सध्या वरच्या पाच-सहा पायऱ्याच दिसतायत, खाली नुसता काळोख आहे. मी फक्त एक्स्पोजर वाढवतोय. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, पायऱ्या मोजायला लागा.