कचेरीतील समभाव
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या बडोद्यातलीच गोष्ट सांगतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली येथे नोकरीस रुजू झाले. महाराजांचे धोरण उदार होते. परंतु कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत, आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

वरून हुकूम सुटला तरी कचेरीतली मने आपोआप बदलत नाहीत. म्हणून नोकरवर्गास शिक्षण द्यावे लागते. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तर कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे वर्ग घेणे मालकावर बंधनकारकच केले आहे.

वर्गाच्या जोडीला आत्मपरीक्षणही हवे. आपल्या संस्थेत विश्वस्तांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाने दर वर्षी स्वतःस विचारावे : अर्जातील गरज वाचण्याआधी मी आडनाव वाचले काय? कोणास 'अहो' म्हटले, कोणास 'अरे'? कोणास खुर्ची दिली, कोणास दारात उभे ठेवले? उत्तरे कोणास दाखवू नयेत. मात्र खरी लिहावीत, आणि पुढल्या वर्षी पुन्हा काढून ताडून पाहावीत.

एवढा नेम पाळला गेला, तर हा महोत्सव सार्थकी लागला असे मी समजेन.