इंग्लंडातील कुलशोध आणि जुनी दप्तरे
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कुलवृत्तान्ताचा विषय निघाला की आपली पहिली धाव बहुधा एखाद्या पराक्रमी पूर्वजाकडे जाते. हा मोह इंग्लंडातही आहे. आपले मूळ एखाद्या सरदारघराण्यात सापडावे, असे तेथेही पुष्कळांना वाटते. परंतु तेथील जाणत्या संशोधकांचा पहिला नियम असा की, आपल्यापासून आरंभ करावा, एकेक पिढी मागे जावे आणि पुराव्यावाचून एकही पायरी ओलांडू नये.

इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यावर वधू-वरांच्या पित्यांची नावे व व्यवसाय असत. त्यामुळे एका कागदाने एक पिढी उलगडते. त्याला जोड शिरगणतीची. १८५१ च्या गणतीत घरातील प्रत्येकाचे नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव आढळते. हे जन्मगाव मोलाचे. कारण १८३७ च्या मागे जायचे तर त्या गावच्या चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या अखत्यारीतील गावाने, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला. १५९८ पासून तिची नक्कल दरसाल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही नष्ट झाली असता पुष्कळदा ही नक्कलच कामी येते.

तथापि या सर्वांत हृदयाला भिडणारे दप्तर गोरगरिबांचे आहे. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर पडला, आणि १६६२ च्या कायद्याने परगावच्या गरिबास त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा मिळाली. हा हक्क कोठला, हे ठरविण्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे जबानी होई: जन्म कोठे, उमेदवारी कोणाकडे, वर्षभर चाकरी कोठे, लग्न कोणाशी. अनौरस मुलाचा भार जन्मस्थळाच्या पॅरिशवर पडे. म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित स्त्रीस हद्दीबाहेर घालविण्याची घाई होई. हे कागद खर्च वाचविण्यासाठी लिहिले गेले. तरी ज्यांना जमीन नव्हती, मृत्युपत्र करण्याजोगी मालमत्ता नव्हती, सहीपुरते अक्षरही येत नव्हते, त्यांची जीवनकथा आज त्यांच्या वंशजांस त्याच कागदांत वाचावयास मिळते.

येथे सावधगिरीही हवी. एकाच गावात एकाच नावाचे दोन इसम असू शकतात. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली म्हणजे आपला पूर्वज मिळाला असे होत नाही. ते मूल बालपणीच दगावले नाही ना, हे दफनाच्या वहीत पाहावे लागते. ही एक वही न पाहिल्याने परक्याची वंशावळ आपली होऊन बसते.

या शोधाचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंतही येतो. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि येथे मातीआड झालेल्या एखाद्या गोऱ्या सैनिकाचा वंशज तेथे त्याचा माग काढतो.

यावरून आपण काय घ्यावे? घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावे, आणि कोणी, केव्हा सांगितले हेही टिपून ठेवावे. सुनांची माहेरची नावे व गावे गाळू नयेत. जो पूर्वज कारकुनी करून किंवा परक्याच्या दारी राबून संसार ओढीत राहिला, त्याचे नाव पराक्रमी पुरुषाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे. खोट्या थोरवीपेक्षा खरी गरिबी कुळाला अधिक शोभा देते.