पडद्यावरील वास्तू आणि आपली जबाबदारी

नगराचा इतिहास केवळ दप्तरांत नसतो. तो चित्रपटांतही उमटलेला असतो. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’मध्ये जॉनी वॉकर व्हिक्टोरियात बसून मरीन ड्राइव्हवरून जातात. मनोरंजनासाठी टिपलेले ते दृश्य आज दस्तऐवज ठरले आहे. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली आणि घोड्यांच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरविल्या.

वाहने बदलतात, वास्तू मात्र टिकवाव्या लागतात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ साली पूर्ण झालेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या (२००८) अखेरच्या नृत्यात जगाने पाहिले. परंतु ते लाखो प्रवाशांचे स्थानक आहे आणि २००४ पासून जागतिक वारसास्थळही. चित्रपटाचा देखावा मोडला तर पुन्हा उभारता येतो. जुना कोरीव दगड फुटला तर तोच परत मिळत नाही.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. वाईजवळील मेणवलीचा घाट ‘स्वदेस’मुळे (२००४) घरोघरी पोहोचला. म्हणून चित्रीकरणाला अनुमती देताना केवळ शुल्क पाहू नये. दिवे कोठे बांधणार, भिंतींना खिळे ठोकणार काय, लोकांची वाट अडणार काय आणि जागा पूर्ववत कोण करणार, हे चार प्रश्न आधी लेखी विचारावेत.

आपल्या गावाची वास्तू पडद्यावर दिसावी, ही अपेक्षा रास्तच आहे. चित्रीकरणानंतरही ती तशीच राहावी, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.