चालतंबोलतं वर्तमानपत्र

स्वातंत्र्यलढ्यातली वर्तमानपत्रं म्हटलं, की आधी आठवतो पुण्याचा 'केसरी'. वर्ध्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण 1920 मध्ये विजयसिंह पथिकांनी जमनालाल बजाजांच्या आधारानं 'राजस्थान केसरी' काढला, तो वर्ध्याहून. मेवाडातल्या बिजोलियाच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी छापून निघायची आपल्या कपाशीच्या मुलखात! पुढं 1923 च्या जानेवारीत विनोबांनी इथूनच 'महाराष्ट्र धर्म' सुरू केला.

मला सांगायचं आहे ते मात्र 'हरिजन'बद्दल. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना 1933 साली पुण्यात निघालेलं हे साप्ताहिक. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले आणि त्यांचं लिखाण तिथून होऊ लागलं. छापखाना पुण्याचाच, आर्यभूषण. 'केसरी'चे पहिले अंकही तिथंच छापलेले. सेगावचं टपाल शेगावला जायचं, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आणि संपादक महादेवभाई देसाई? ते सुरुवातीला वर्ध्यात मगनवाडीत राहत आणि रोज पायी सेगावला जात. जाऊन-येऊन अकरा मैल. वर्ध्याचा वैशाख ज्यानं सोसलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

17 ऑक्टोबर 1940. पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. दुसऱ्याच दिवशी 'हरिजन'ला सरकारी नोटीस : या सत्याग्रहाची हकीकत आणि विनोबांची भाषणं दिल्लीला विचारल्याशिवाय छापायची नाहीत. पवनार म्हणजे सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावरचं गाव म्हणा ना, आणि तिथली बातमी छापायला परवानगी दिल्लीची!

इंग्रजी 'हरिजन' आणि त्याची गुजराती, हिंदी भावंडं, तिन्ही साप्ताहिकं गांधीजींनी स्वतःच थांबवली. परवानगी मागून चालणारं पत्र त्यांना नको होतं, असं मला वाटतं. वाचकांना त्यांनी सांगितलं, आता ज्यानं त्यानं स्वतःच वर्तमानपत्र व्हावं. बातमी तोंडातोंडी न्यावी.

विनोबा तर गावोगाव बोलत निघालेच होते. 21 ऑक्टोबरला देवळीत त्यांना पकडलं. 'हरिजन' पुन्हा हाती आला, तो 1942 च्या जानेवारीत.