मी बॅगा सांभाळतो, तुम्ही जाऊन या

हेडफोन लावलेत ना? लोकलच्या दारात उभे असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

आजचा विषय सहलीचा आहे. परदेशातली सहल, आणि त्यातही थीम पार्क. आता यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. कुठली राईड आधी करायची, तिकीट कसं काढायचं, काय खायचं. थोडं तेही सांगेन. पण मला मुख्य बोलायचंय ते राईडवर न बसणाऱ्या माणसाबद्दल. असा एक माणूस प्रत्येक घरात असतो बघा. "तुम्ही जाऊन या, मी बॅगा सांभाळतो" म्हणणारा. जत्रेत तो आकाशपाळण्याखाली उभा असतो. गणपतीपुळ्याला समुद्रावर गेलं की चपलांच्या ढिगाशेजारी बसलेला असतो. सगळ्यांचे फोटो तोच काढतो, म्हणून एकाही फोटोत नसतो. तो खाली का थांबला, हे कुणी विचारत नाही. कारण त्याने सांगितलेलं असतं ना, बॅगा!

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात आम्ही सिंगापूरला गेलो. आम्ही म्हणजे आई, बाबा, ताई, दाजी, ताईची आठ वर्षांची मुलगी आणि मी. बाबा एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यात. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी लोकांना महाबळेश्वरला नेऊन सोडलं आणि स्वतः त्याच गाडीने परत फिरले. विमानात बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. पासपोर्ट आल्यापासून ते रोज एकदा उघडून बघायचे.

पाच दिवसांतला एक अख्खा दिवस आम्ही युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी ठेवला होता. हे पार्क सेंटोसा नावाच्या बेटावर आहे. २०१० साली सुरू झालं. जागा साधारण वीस हेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास पन्नास एकर. जायला सोपं आहे. मेट्रोने हार्बरफ्रंट स्टेशनला उतरायचं, तिथल्या व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून मोनोरेल सुटते. जाताना पैसे पडतात, परत येताना नाही. चालायची हौस असेल तर समुद्रावरून बांधलेला पादचारी मार्ग आहे, त्याने चालत जा, फुकट.

आणि हे नाव ऐका जरा. सेंटोसा. ओळखीचं वाटतं ना? आपल्या संस्कृतमधल्या 'संतोष'वरून मलय भाषेत गेलेला शब्द आहे. तिथे त्याचा अर्थ शांतता, निवांतपणा. आधी या बेटाचं नाव होतं पुलाऊ ब्लाकांग माती. मलयमध्ये 'माती' म्हणजे मृत्यू. बेटावर ब्रिटिशांची लष्करी ठाणी होती. पुढे पर्यटनासाठी बेट विकसित करायचं ठरलं, तेव्हा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नाव बदललं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं केलं. नाहीतर पाटी वाचून कोण तिकीट काढेल?"

आता पार्कमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? रांगेत. प्रत्येक राईडच्या तोंडाशी बोर्ड असतो, आत्ता किती मिनिटं थांबावं लागेल त्याचा. राईड दोन-चार मिनिटांची आणि रांग तासाची, असं गर्दीच्या दिवशी सहज होतं. आम्ही वैतागलो, पण बाबा एकदम खूश! त्यांचं खातंच ते. घड्याळ लावून ते गाड्या मोजायला लागले.

त्यांचा हिशेब सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. समजा एका गाडीत सोळा जण बसतात आणि दर चाळीस सेकंदाला एक गाडी सुटते. तासाला नव्वद गाड्या, म्हणजे चौदाशे चाळीस माणसं. तुमच्यापुढे सातशे वीस असतील तर अर्धा तास. पण एका ओळीत चार सीटा असल्या आणि तिघांचं कुटुंब आलं, की एक सीट रिकामी जाते. ती भरायला काही राईडना एकट्या माणसाची वेगळी रांग असते, सिंगल रायडर म्हणतात. घरच्यांच्या शेजारी बसायचा हट्ट नसेल तर त्या रांगेत नंबर बहुतेक वेळा लवकर लागतो. आणि जास्त पैसे मोजून एक्स्प्रेस पास घेतला तर त्याची रांगही वेगळी. बाबा म्हणाले, "म्हणजे रिझर्व्हेशन. आणि तो सिंगल रायडर म्हणजे कंडक्टरच्या शेजारची सीट. शेवटपर्यंत कुणाला दिसत नाही."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग आम्ही ममीच्या राईडपाशी आलो, रिव्हेंज ऑफ द ममी. इजिप्तच्या मंदिरासारखं दार, दोन्ही बाजूंना उंच पुतळे. आत अंधारात चालणारा रोलर कोस्टर आहे. विजेच्या चुंबकांच्या जोरावर गाडी एकदम फेकल्यासारखी सुटते, मध्ये उलटीही जाते. बाहेर उंची मोजायची खूण. किमान उंची १२२ सेंटिमीटर. भाची ११९. तिने टाचा उचलून पाहिल्या, बुचडा वर करून पाहिला. तिथल्या मुलीने हसून मान हलवली. बाबांना त्याचं फार कौतुक. "आम्ही अर्ध्या तिकिटाला वय विचारायचो," म्हणाले, "आणि प्रत्येक पोराची आई अकराच सांगायची. ही पद्धत चांगली, उंची खोटं बोलत नाही."

ही अट कशासाठी असते, तेही सांगतो. पोर घाबरट आहे की धीट, याच्याशी तिचा संबंध नाही. मांडीवर येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीराला घट्ट धरेल असा बनवलेला असतो. शरीर त्याहून लहान असेल तर झटक्याला माणूस निसटू शकतो. इतकं साधं आहे.

तर भाची रुसली. आणि रुसून शेजारचा मोठा बोर्ड मोठ्याने वाचायला लागली. सूचनांचा बोर्ड होता तो, कुणी राईडवर बसू नये त्याचा. इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे फाडफाड वाचते. आणि स्वतःला बसता येत नाही म्हटल्यावर तिने ठरवलं, आता सगळ्यांची तपासणी करायची. शिरगणतीच सुरू केली हो तिने!

"आजी, पाठदुखी आहे का?"

"आहे की गं, तुझी आई झाली तेव्हापासनं."

"आजी बाद. मम्मा, बाळ होणारे का?"

ताईने डोळे वटारले. दाजी हसून हसून लाल.

"मामा, मान?" माझी मान लॅपटॉपपुरतीच दुखते, मी पास झालो.

"आजोबा, हार्ट?"

बाबा म्हणाले, "मी थांबतो. बॅगा सांभाळायला कुणीतरी पाहिजे ना."

"आजोबा, तिकडे लॉकर आहेत. राईड होईपर्यंत फुकट आहेत, लिहिलंय तिथे. हार्ट आहे का सांगा."

मंडळी, तीस वर्षं ज्याने बसभर लोकांच्या थापा पकडल्या, त्या माणसाला आठ वर्षांच्या पोरीसमोर थाप मारता आली नाही. बाबा खाली बघून म्हणाले, "थोडंसं आहे."

थोडंसं म्हणजे काय, ते पुढच्या दहा मिनिटांत बाहेर आलं. फेब्रुवारीपासून जिना चढला की छातीत जड व्हायचं. एकटेच जाऊन डॉक्टरांना दाखवून आले होते. ईसीजी झाला, पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट झाली. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. यांनी ती जूनवर ढकलली. का? तर विमानाची तिकिटं काढून झाली होती आणि ती रद्द करून पैसे परत मिळणार नव्हते. गोळ्या चालू होत्या. आईला सांगितलं होतं, पित्ताच्या आहेत.

ताईचा आवाज असा चढला, की इजिप्तचे राजे दचकले असतील. "पैशासाठी, बाबा? तिकिटाच्या पैशासाठी?" बाबा म्हणाले, "पैशासाठी नाही गं. सगळे एकत्र परत कधी निघणार होतो?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आई एक शब्द बोलली नाही. तिने बाबांच्या खांद्यावरची सॅक काढली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

आता जरा थांबून हा बोर्ड समजून घेऊ. आपल्याला वाटतं, कंपनीने स्वतःला वाचवायला लिहिलेलं असतं. तेही असेल. पण शरीराचं बघा. राईडवर तुम्ही नुसते बसलेले असता, एक पाऊल चालत नाही. तरी भीतीने अ‍ॅड्रेनालीन सुटतं, नाडी धावायला लागते, रक्तदाब वाढतो. निरोगी हृदय हे झेलतं, आणि त्यालाच आपण मजा म्हणतो. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर हृदयाची मागणी वाढते आणि तेवढं रक्त पोचत नाही. जिना चढताना बाबांना जे होत होतं, तेच इथे काही सेकंदांत, आणि तेही मधेच उतरायची सोय नसताना. म्हणून तो बोर्ड. मान, पाठ, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सगळं त्यात असतं.

मग आम्ही काय केलं? सावलीत बसून बाबांच्या डॉक्टरांना फोन लावला. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे नुकतीच ओपीडी सुरू होत होती. डॉक्टर आधी बाबांना रागावले, मग प्रश्न विचारले. आत्ता दुखतंय का, घाम येतोय का, दम लागतोय का. एकाचंही उत्तर हो नव्हतं. ते म्हणाले, चालणं कमी करा, उन्हात फिरू नका, गोळ्या चुकवू नका, काही वाटलं तर थेट हॉस्पिटल, आणि परत आल्या आल्या माझ्याकडे या. सिंगापूरमध्ये अँब्युलन्सचा नंबर ९९५ आहे. तो आम्ही सगळ्यांच्या फोनमध्ये तिथेच साठवला.

थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "अरे, एवढ्या लांब आलोय, एकाने तरी वसूल करा." मला सिंगल रायडरच्या रांगेत ढकललं. मी वळून बघितलं तर रेलिंगवर बोटातल्या अंगठीने टण्‌ टण्‌ वाजवलं. दोन घंटा. सोडा गाडी.

राईड भारी आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसाचा सगळ्यात चांगला तास त्यानंतरचा होता. तिथे दोन रोलर कोस्टर एकमेकांना लागून आहेत, बॅटलस्टार गॅलॅक्टिका. एक लाल, बसून जायचा. दुसरा निळा, त्यात पाय खाली लोंबकळतात. त्याला उंची लागते १२५, म्हणजे भाची इथेही बाद आणि आजोबाही बाद. दोघं समोर सावलीत बसले आणि पैज लावायला लागले, लाल आधी येणार की निळा. पोरगी तीन डॉलर जिंकली. आई शेजारी बसून दोघांना पाणी देत होती आणि दर दहा मिनिटांनी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तीन वाजता ढग गडगडायला लागले. विजा चमकायला लागल्या की तिथे उघड्यावरच्या राईड बंद ठेवतात. आम्ही टॅक्सी करून हॉटेलवर आलो. निम्म्या राईड राहिल्या. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. एका वाहिनीत मोठा अडथळा होता, स्टेंट टाकला. आता बाबा रोज सकाळी चालायला जातात, आणि किती पावलं झाली ते कुणी न विचारता सांगतात.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी. या सुट्टीत घरच्यांना घेऊन कुठे निघणार असाल, तर लिहून घ्या.

पहिली. मोठ्या थीम पार्कच्या वेबसाईटवर राईडच्या उंचीच्या अटी आणि आरोग्याच्या सूचना असतात. त्या अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आधी ताज्या बघा. आणि तिकीट काढायच्या आधी घरी जेवण झाल्यावर त्या मराठीत मोठ्याने वाचा. वाचायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या. मोठी माणसं आपल्याला टोलवतात, नातवंडांना टोलवणं जड जातं.

दुसरी. प्रवास विम्याचा फॉर्म भरताना आधीचे आजार विचारतात. तिथे खरं लिहा. लपवलेल्या आजारामुळे दवाखान्यात जायची वेळ आली तर कंपनी दावा नाकारू शकते, आणि परदेशातलं हॉस्पिटलचं बिल आपल्या सहलीच्या खर्चाला सहज मागे टाकतं. आधीच्या आजाराला संरक्षण देणाऱ्या पॉलिसी असतात, त्यांच्या अटी नीट वाचा.

तिसरी. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. आणि कुठली गोळी कशाची आहे, ते घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या. पित्ताची म्हणून सांगितलेली गोळी पाकिटावरचं नाव वाचून एकदा शोधून बघा. फोन तर हातातच असतो ना आपल्या.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात न सांगता मागे थांबणारं कोण आहे, आणि त्यांना तुम्ही काय विचारलंत, ते मला व्हॉइस मेसेज करून पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू. तोवर काळजी घ्या, आणि घरी एक फोन करा.