आधी विष रोखा, मग ताट सजवा
(नांदगाव पेठ येथील व्याख्यानाचा सारांश)



मूल झाले नाही की समाज सुनेकडे बोट दाखवितो. पुरुषाची तपासणी टळते. १९७७ साली कॅलिफोर्नियात ‘डीबीसीपी’ हे कीटकनाशक बनविणारे अनेक कामगार वंध्य आढळले. आपल्या शेजारच्या यवतमाळात २०१७ साली कपाशीवरील फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. विषारी द्रव्यांमुळे वाढणारे ‘फ्री रॅडिकल्स’ शुक्राणूंचे नाजूक आवरण बिघडवितात. आवळा, संत्री, टोमॅटो, पालेभाज्या यांतील अँटिऑक्सिडंट त्यांना आवर घालतात. मात्र शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. चार दिवसांचे पथ्य निरुपयोगी. जस्त व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचाही लाभ २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसला नाही. म्हणून फवारताना हातमोजे व मुखपट्टी आधी, आहार नित्याचा आणि तपासणी दोघांची. सुनेला न्याय देणे, हाही कुटुंबधर्मच आहे.