मधुमेह, वाढीचे घटक आणि उपवास
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मधुमेह म्हटला की आपल्यासमोर केवळ रक्तातील साखर येते. परंतु साखरेमागे शरीराच्या वाढीची एक सूक्ष्म यंत्रणा कार्यरत असते. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

स्वादुपिंडातील इन्शुलिन सर्वांस परिचित आहे. रचनेने त्याच्याशी साम्य असलेला 'आयजीएफ-१' हा वाढीचा घटक मुख्यत्वे यकृतात तयार होतो. १९५७ साली सॅल्मन व डॉहाडे या शास्त्रज्ञांना त्याची प्रथम चाहूल लागली आणि १९७८ मध्ये रिंडरक्नेख्ट व हुम्बेल यांनी त्याची रचना उलगडली. पेशींची वाढ करणे व झीज भरून काढणे हे त्याचे कार्य.

हा घटक रक्तात मोकाट फिरत नाही. सहा प्रकारची बंधक प्रथिने त्यास धरून ठेवतात; मोकळा राहतो तो जेमतेम शंभरावा हिस्सा. यांपैकी पहिल्या प्रथिनावर इन्शुलिनचा अंकुश असतो. भोजनानंतर इन्शुलिन वाढते व हे प्रथिन घटते. उपवासात इन्शुलिन उतरते, प्रथिन वाढते आणि वाढीचे कार्य मंदावते. अन्न नसता शरीर आपला खर्च आवरते, तो असा.

मधुमेहात ही घडी विस्कटते. पहिल्या प्रकारात यकृतास पुरेसे इन्शुलिन मिळत नाही. आयजीएफ घटते, बंधक प्रथिन वाढते. उपचार अपुरे पडल्यास मुलांची उंची खुंटते, ती यामुळेही. दुसऱ्या प्रकाराच्या प्रारंभी शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते अधिक स्रवते आणि हे प्रथिन घटलेले आढळते.

आपल्या समाजात उपवासाची परंपरा मोठी आहे, म्हणून एक विनंती. निरोगी शरीर उपवासात इन्शुलिन आपोआप कमी करते. मात्र टोचून घेतलेल्या इन्शुलिनला, किंवा ते स्रवण्यास भाग पाडणाऱ्या काही गोळ्यांना, आपला उपवास कळत नाही. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट, पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्शुलिन पूर्णतः बंद करणे प्राणावर बेतते. तेव्हा मधुमेहींनी पर्युषणापूर्वीच डॉक्टरांना भेटून उपवास झेपेल का, हे विचारावे व औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. घरच्यांनीही त्यांना आग्रह करू नये.